आधी यादी, मग लस

12 जानेवारी 2021 च्या पहाटे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून तीन ट्रक बाहेर पडले. निघण्यापूर्वी नारळ फोडला गेला. कोविशिल्ड या कोरोनावरच्या लसीची ती पहिली खेप देशातल्या 13 ठिकाणी जायची होती. ज्या हडपसर-मांजरीच्या पट्ट्यातून हे ट्रक निघाले, तिथून पाचगणी काही फार लांब नाही. सातारा महामार्गाने सुरूर फाटा गाठायचा, वाईत शिरायचे आणि पसरणीचा घाट चढायचा. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पाचगणीत असतो.

नकाशा पाहून वाटावे की देशात सर्वांत सोपे लसीकरण याच भागात झाले असेल. लस बनवणारा कारखाना शेजारच्या जिल्ह्यात आणि पाचगणी तर आरोग्यासाठीच वसलेले गाव. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन याने ते वसवले. 1912 मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी इथे बेल-एअर सॅनेटोरियम काढले. औषधे नव्हती, त्या काळात मुंबईचे रोगी या हवेच्या भरवशावर घाट चढून येत. पण पाचगणीच्या पुढे महाबळेश्वर लागते, तिथून पंचवीस-तीस किलोमीटरचा उतार संपला की तापोळा येते आणि तापोळ्याला रस्ता संपून शिवसागर जलाशयाचे पाणी सुरू होते. पाण्यापलीकडे कांदाटी खोरे. तिथल्या बऱ्याच वाड्यांना लाँचचाच आधार. कारखान्यातून तापोळ्यापर्यंत लस आणायला एक चांगली गाडी आणि एक जाणता चालक पुरतो. तापोळ्याच्या पुढे मात्र कोणत्या वाडीत कोण राहते, त्यातले कोण आज घरी आहे आणि कोणाला घाटी चढवत नाही, हे ठाऊक असणारे माणूस लागते.

साथीच्या काळातले लसवाटप कार्यक्षम झाले की नाही, याचा निकाल माझ्या मते इथे लागतो. किती डोस आले आणि एका दिवसात किती टोचले, हे आकडे महत्त्वाचे आहेतच. पण खरी परीक्षा यादीची असते.

1897 चा धडा

हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा आलेला नाही. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला आणि पाहता पाहता तो पुणे-साताऱ्याकडे सरकला. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी 4 फेब्रुवारीला साथरोग प्रतिबंधक कायदा आला. हाच कायदा महाराष्ट्राने मार्च 2020 मध्ये कोरोनासाठी पुन्हा लागू केला. लस बनून दोन महिने होतात तोच, 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. त्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. डॉक्टर मुलगा यशवंत याच्यासोबत त्यांनी हडपसरच्या बाजूला रोग्यांसाठी दवाखाना उभारला होता आणि मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे आल्या होत्या. ज्या हडपसर परिसरातून सव्वाशे वर्षांनी लसीचे ट्रक निघाले, तोच हा परिसर.

त्या वर्षी लस होती, कायदा होता, अधिकारीही होते. पण पुण्यात सरकार घराघरांत सैनिक घालून झडती घेत होते, माणसे उचलून छावणीत नेत होते. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली, ती या संतापातून. दारात येणाऱ्या माणसाविषयी एकदा धास्ती बसली की त्याच्या हातातली लसही नकोशी होते, हे सरकारला तेव्हा कळायला हवे होते.

1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात दुसरा धडा मिळाला. प्लेगची लस घेतलेल्या 19 जणांना धनुर्वात होऊन मृत्यू आला आणि सगळ्यांना टोचलेली लस एकाच बाटलीतली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला. ते निर्दोष आहेत, बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य व्हायला 1907 उजाडले. तोवर लसीविषयीच्या संशयाने जोर धरला होता. एक बाटली कोण उघडतो, कशी उघडतो आणि किती वेळ उघडी ठेवतो, यावर हजारो लोकांचा विश्वास अवलंबून असतो. आजचे कडक नियम त्यासाठीच आहेत.

बाटली गावात येते ती कशी

कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. आपल्या जुन्या यंत्रणेला हे सोसण्यासारखे होते, कारण बालकांच्या लसीसाठी हीच साखळी अनेक दशके चालू आहे. पुण्याच्या राज्य भांडारातून लस विभागीय भांडारात, तिथून जिल्ह्याच्या भांडारात आणि मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते. सातारा जिल्हा आरोग्य खात्याच्या पुणे मंडळात, तर शेजारची सांगली कोल्हापूर मंडळात मोडते. म्हणून एकाच कृष्णेच्या काठचे हे दोन जिल्हे लसीसाठी दोन वेगळ्या दारांत उभे असतात.

आरोग्य केंद्रात लस आयएलआर नावाच्या फ्रिजमध्ये राहते. त्याच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते, त्यामुळे दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी आतले तापमान टिकते. पावसाळ्यात दिवसच्या दिवस वीज जाणाऱ्या डोंगरी भागात या एका यंत्राचे मोल फार मोठे आहे.

लसीकरणाच्या सेशनच्या दिवशी सकाळी केंद्रातल्या सिस्टर व्हॅक्सिन कॅरिअर भरतात. ते काम जवळून पाहण्यासारखे असते. डीप फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक लगेच कॅरिअरमध्ये ठेवले जात नाहीत. ते टेबलावर मांडून थांबायचे. वरचा पांढरा थर जाऊन बाहेरून पाणी सुटले की एकेक पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाण्याचा आवाज आला की तो तयार. नुसता दगडासारखा गोठलेला पॅक बाटलीला लागला तर लस गोठते, आणि गोठलेली लस फेकावीच लागते. चार पॅक चार बाजूंना, मध्ये बाटल्या, वर फोमचे झाकण. घाई असलेल्या सकाळी ही पंधरा-वीस मिनिटे कोणालाही वाया गेल्यासारखी वाटतील. पण ती वाचवायला गेले तर दिवसभर टोचलेली लस निकामी ठरू शकते, आणि ते टोचणाऱ्यालाही कळत नाही आणि टोचून घेणाऱ्यालाही.

दहा जणांचे गणित

कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस, प्रत्येकी अर्धा मिली. कोव्हॅक्सिनची बाटली सुरुवातीला वीस डोसांची होती. बाटली एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. पुणे किंवा सातारा शहरात या नियमाने काही अडत नाही. दहा माणसे दहा मिनिटांत रांगेत येतात.

डोंगरातल्या वाडीत मात्र हेच गणित अवघड होते. समजा, वाडीत सात जण लस घ्यायला तयार आहेत. बाटली फोडायची का? फोडली तर तीन डोस वाया आणि वरून जाब. नाही फोडली तर सात माणसे परत पाठवायची. त्यात दोघे सत्तरीचे, एकीच्या दारी म्हैस विण्याच्या बेतात. ती पुन्हा येईल याची खात्री कोण देणार? 8 जून 2021 रोजी केंद्राने वाटपाची नवी सूत्रे जाहीर केली. लोकसंख्या, रुग्णसंख्या आणि लसीकरणाची प्रगती पाहून राज्यांना लस मिळणार आणि वाया गेलेल्या लसीचा वाटपावर उलट परिणाम होणार, असे त्यात होते. टंचाईच्या दिवसांत लस वाया जाऊ नये ही अपेक्षा योग्यच होती. पण तोच दंडक वरून खाली झिरपत वाडीपर्यंत येतो, तेव्हा सिस्टरला सात माणसांपेक्षा तीन डोसांची भीती जास्त वाटू लागते.

याला उपाय दोनच. पहिला, आदल्या दिवशी यादी पक्की करणे. शेजारच्या वाडीतले तीन जण कोण, त्यांना कोण घेऊन येणार, ऐनवेळी कोणी गळाला तर बदली कोण, हे गावच्या आरोग्य स्वयंसेविका असलेल्या आशाताईंच्या वहीत आधी लिहिलेले असले की बाटली निर्धास्तपणे फोडता येते. दुसरा, दुर्गम भागासाठी वाया जाण्याची सूट मोकळेपणाने मान्य करणे. नियोजनात दहा टक्के लस वाया जाईल हे सुरुवातीपासून धरले होते. ती दहा टक्के सूट शहरांनी वापरायची गरजच नव्हती. तिच्यावर पहिला हक्क पाण्यापलीकडच्या वाड्यांचा होता.

मोबाइलवाल्यांची रांग

16 जानेवारी 2021 रोजी महाराष्ट्रात 285 केंद्रांवर लसीकरण सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी कोविन या नोंदणी पोर्टलच्या तांत्रिक अडचणीमुळे ते दोन दिवस थांबवावे लागले. पुढे जे घडणार होते त्याची ती पहिली सूचना होती. 1 मार्चपासून साठीवरचे आणि 45 वर्षांवरचे सहव्याधी असलेले लोक, 1 एप्रिलपासून 45 वर्षांवरचे सर्व, 1 मेपासून 18 वर्षांवरचे सर्व असा क्रम लागला. मागणी वाढत गेली आणि लस मात्र तेवढी नव्हती. 12 मे रोजी महाराष्ट्राने 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण थांबवून उपलब्ध डोस 45 वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोससाठी वळवले. दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात घेतलेला तो निर्णय योग्यच होता. अपुरा साठा सगळ्यांना थोडा थोडा वाटण्यापेक्षा ज्यांच्या जिवाला धोका जास्त, त्यांचे संरक्षण आधी पूर्ण करणे शहाणपणाचे होते.

पण 18 ते 44 वयोगटासाठी नोंदणी फक्त ऑनलाइन ठेवली गेली, ती मात्र चूक होती. स्लॉट सुटायचे आणि काही क्षणांत संपायचे. ज्याचे इंटरनेट वेगवान, त्याला लस. महाराष्ट्रातल्या अनेक ग्रामीण केंद्रांवर मे महिन्यात शहरातून गाड्या करून आलेले तरुण रांगेत दिसत होते आणि त्याच गावातले लोक बाजूला उभे राहून पाहत होते. त्या तरुणांचाही दोष नव्हता. त्यांनी पद्धतशीर नोंदणी केली होती. दोष हा की गावाच्या वाट्याची लस गावाच्या नावावर राखूनच ठेवलेली नव्हती. शिवाय जून 2021 पर्यंत कोविनवर मराठी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 31 मे च्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले आणि 18 ते 44 वयोगटाला पैसे मोजायला लावणारे धोरण प्रथमदर्शनी मनमानी व तर्कहीन ठरवले. 24 मे पासून सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीला मुभा मिळाली होती आणि 21 जूनपासून 18 वर्षांवरच्या सर्वांना सरकारी केंद्रांवर मोफत लस देण्याची जबाबदारी केंद्राने घेतली. हे सगळे आवश्यक होते आणि हे सगळे उशिरा झाले.

पाचगणी-महाबळेश्वरसाठी हा प्रश्न अधिकच नाजूक. इथली लोकवस्ती लहान, 2011 च्या जनगणनेत पाचगणीत जेमतेम पंधरा हजार माणसे. पण पर्यटक सुरू झाले की रोज नवी माणसे येतात. टेबललँडवरचे घोडेवाले, टॅक्सीवाले, हॉटेलातले वेटर, खोल्या झाडणाऱ्या बाया, भिलारपर्यंतच्या स्ट्रॉबेरीच्या स्टॉलवर बसणारे कुटुंब, निवासी शाळांच्या मेसमधले स्वयंपाकी, हे सगळे परक्या माणसाच्या हातभर अंतरावर काम करतात. वयाच्या क्रमात यांचा नंबर मागे लागतो. धोक्याच्या क्रमात तो पुढे असायला हवा. पर्यटनावर जगणाऱ्या गावाची यादी वयाबरोबर कामावरूनही केली पाहिजे, आणि ती नगरपालिकेलाच करता येते, कारण परवाने आणि नोंदी तिच्याकडे असतात.

84 दिवस आणि पाऊस

13 मे 2021 रोजी कोविशिल्डच्या दोन डोसांमधले अंतर 12 ते 16 आठवडे करण्यात आले. म्हणजे किमान 84 दिवस. त्यामागे शास्त्रीय कारण दिले गेले होते, ते मान्य. पण डोंगरात कॅलेंडरचे आणखी एक पान पाहावे लागते. 30 एप्रिलला पहिला डोस घेतलेल्या माणसाचे 84 दिवस 23 जुलैला भरतात. 23 जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळी घाट बंद पडला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. वाई तालुक्यातल्या कोंढावळेतही दरड कोसळली. खाली सांगलीत कृष्णेचे पाणी शहरात आणि पलूस, वाळवा, मिरजेच्या गावांत शिरले. त्या आठवड्यात दुसऱ्या डोसाची तारीख आलेल्या म्हाताऱ्याने काय करायचे होते?

अशी अतिवृष्टी रोज होत नाही हे खरे. पण जून ते सप्टेंबर या काळात इथे घाट बंद पडतात, लाँच थांबते आणि वीज जाते, हे दरवर्षीचे आहे. डोंगरातली माणसे पाऊस लागण्याआधी धान्य, सरपण, मीठ-मिरची घरात भरून ठेवतात. आरोग्य खात्याने लसीची बेगमी त्याच हिशेबाने करायला हवी. वाईत किंवा साताऱ्यात पावसाळ्यातही सेशन घेता येते. कांदाटीत येत नाही. म्हणून डोंगरी भागाचा कोटा उन्हाळ्यात आधी सोडायचा आणि सपाटीचा नंतर. एकूण लस तेवढीच लागते, फक्त क्रम बदलतो. पण राज्यभर एकच वेळापत्रक लावले की हा विचार करायला कोणाला जागाच उरत नाही.

यादीत नाव एकीकडे, माणूस दुसरीकडे

सातारा-सांगलीच्या डोंगरी पट्ट्यातला कर्ता माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आहे. पाटण-जावळीतून गेलेले शेकडो लोक माथाडी झाले. 1969 चा माथाडी कायदा ज्यांच्या लढ्याने आला, ते अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्याचे. अशा माणसाचे रेशनकार्ड गावाला, मतदान गावाला, पण राहणे नवी मुंबईत. 2020 च्या टाळेबंदीत तो गावी परतला, काम सुरू होताच पुन्हा गेला. मतदार यादीवरून लक्ष्य ठरवले तर गावात नसलेल्या माणसासाठी लस येते आणि गावात असलेल्या सुनेसाठी येत नाही, कारण तिचे नाव अजून माहेरच्या यादीत असते. मग कागदावर गाव मागे पडलेले दिसते आणि आशाताईंना वर बोलणी बसतात.

ही गुंतागुंत संगणकाला उलगडत नाही, दारोदार फिरणाऱ्या माणसाला उलगडते. याची खूणगाठ आपल्याकडे पल्स पोलिओने 1995 पासून बांधली आहे. प्रत्येक घराच्या भिंतीवर खडूने खूण करायची, पूर्ण झालेल्या घरावर एक आणि राहिलेल्यावर दुसरी. बाळाच्या करंगळीला शाई लावायची. राहिलेल्या घरी पुन्हा जायचे. याच चिकाटीने 13 जानेवारी 2011 नंतर देशात वन्य पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात मार्च 2020 मध्ये कोरोनाचे रुग्ण एकाच कुटुंबातून वाढू लागले, तेव्हा लस नव्हतीच. तिथेही साथ रोखली ती घरोघरच्या सर्वेक्षणाने आणि संपर्कात आलेल्यांच्या यादीने.

ही यादी ज्या करतात, त्यांचे आपण काय केले? 15 जून 2021 रोजी महाराष्ट्रातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या. सर्वांना मोफत लस देण्याची तारीख सहा दिवसांवर होती. 23 जूनला संप मिटला तो महिन्याला हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता यावर. त्या साध्या मानधनावर, पगारावरही नव्हे, काम करत होत्या आणि करत आहेत. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव झाला याचा आनंद आहे. पण ज्या बाईच्या वहीवर जिल्ह्याचे लसीकरण उभे आहे, तिला नोकरदार म्हणून मान्य न करणारी व्यवस्था स्वतःला कार्यक्षम म्हणवू शकत नाही.

दार ठोठावणे आणि दार अडवणे

2021 च्या पावसाळ्यानंतर लस मुबलक झाली आणि प्रश्न उलटा झाला. राज्याने 8 ऑक्टोबरपासून मिशन कवचकुंडल ही लसीकरण मोहीम राबवली. नोव्हेंबरमध्ये घरोघरी जाऊन लस देण्याची हर घर दस्तक मोहीम आली. पहिला डोस निम्म्यांनाही न मिळालेल्या देशातल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले औरंगाबाद, नांदेड, बुलढाणा, हिंगोली, नंदुरबार आणि अकोला होते. औरंगाबादेत लस नसेल तर पेट्रोल नाही, रेशन नाही, असे आदेश निघाले. रांगा वाढल्या, आकडेही सुधारले. तरीही मला हा मार्ग मान्य नाही. ज्याचे पोट रेशनवर आहे, त्याच्यावर दंड बसतो आणि ज्याचे पोट भरलेले आहे तो सुटतो. नंदुरबारमध्ये सातपुड्याच्या पाड्यांवर गाड्या पाठवून लस नेण्याचे काम आधीच सुरू होते. ते सावकाश चालले, पण पुढच्या साथीतही त्या पाड्यावर सिस्टरला दार उघडले जाईल. मुंबईतही उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यानंतर 30 जुलै 2021 पासून अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस देणे सुरू झाले. दार ठोठावणे शक्य असते, हे दोन्हीकडे दिसले. 1897 ने शिकवलेले तेच होते: दारात येणाऱ्या माणसाची धास्ती वाटता कामा नये.

नोव्हेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राने दहा कोटी डोसांचा टप्पा ओलांडला. हे यश खरे आहे आणि ते आरोग्य कर्मचाऱ्यांचे आहे. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. म्हणूनच, जे निसटले ते लिहून ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

साथ पुन्हा येईल. ती येण्याआधी करण्यासारख्या गोष्टी स्वस्त आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीने दर वर्षी मे महिन्यात घरनिहाय यादी अद्ययावत करावी: कोण राहते, कोण मुंबईला आहे, कोण अंथरुणावर आहे. नगरपालिकेने हॉटेल, घोडे, टॅक्सी, शाळा यांतल्या कामगारांची नोंद ठेवावी. डोंगरी भागाचा कोटा वेगळा राखावा आणि तो पावसाआधी पोचवावा. दुर्गम वाडीत वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारू नये. नोंदणी ऑनलाइन असो, पण गावच्या माणसाला गावच्या केंद्रावर फोनशिवाय लस मिळावी. आशांना कायम नोकरी द्यावी. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवे तंत्रज्ञान शोधावे लागत नाही.

वाचकांना एवढेच सांगणे आहे: दिवाळीत गावी जाल, तेव्हा तुमच्या गावच्या आशाताईंची ओळख करून घ्या, त्यांची वही पाहा आणि तुमच्या घरातली नावे तिच्यात बरोबर लिहिली आहेत का ते तपासा. पुढच्या ग्रामसभेत यादीचा विषय तुम्हीच मांडा.